मूत्रपरीक्षेचा नकार

पोटातील तीव्र वेदनांनी व्याकुळ झालेली तरुण स्त्री रुग्णालयात येते, तेव्हा क्ष-किरण किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करण्यापूर्वी वैद्यास एक गोष्ट कळावी लागते : ती गर्भवती आहे काय ? याचे उत्तर बहुधा मूत्रपरीक्षेने दिले जाते. ते कितपत विश्वसनीय असते ?

गर्भ रुजू लागताच, ज्या पेशींपासून पुढे वार बनते त्या एक संप्रेरक रक्तात सोडतात व ते मूत्रात उतरते. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिन येथे आशहाइम व त्सोंडेक यांनी गर्भवतीचे मूत्र कोवळ्या मादी उंदरांना टोचून त्यांच्या बीजकोशांतील बदल तपासले. उंदीर मारल्यावाचून निदान होत नसे. १९४७ मध्ये अर्जेंटिनातील गाली मैनीनी यांनी नर भेक निवडला. काही तासांतच त्याच्या मूत्रात शुक्रजंतू दिसत, आणि बिचारा जिवंतही राही! आपल्याकडील सामान्य भेकावरही ही परीक्षा करून पाहण्यात आली.

१९६० मध्ये स्वीडनमधील विडे व गेमझेल यांनी प्राण्याच्या जागी प्रतिपिंड आणले. पण प्रतिपिंडाची ओळख चुकू शकते. पोषग्रंथीचे एक संप्रेरक या संप्रेरकाशी इतके मिळतेजुळते असते की एकासाठी तयार केलेला प्रतिपिंड दुसऱ्यासही धरतो. अशाच संप्रेरकांचा व त्यांच्या प्रतिपिंडांचा दीर्घ अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन्. आर्. मुद्गल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. प्राण्यास प्रतिपिंड टोचून संप्रेरक निष्प्रभ करावयाचे व शरीरातील कोणते कार्य थांबते ते पाहावयाचे, ही त्यांची रीत. या दोन्ही संप्रेरकांचा अल्फा घटक सारखा, बीटा घटक मात्र निराळा असतो. केवळ बीटा घटकाच्या आधारे त्यांना वेगळे करणारी रक्तपरीक्षा १९७२ मध्ये अमेरिकेत वैतुकायटिस व सहकाऱ्यांनी सिद्ध केली.

आजची मूत्रपट्टी सामान्यतः मिलिलिटरमागे २५ सहस्रांश आंतरराष्ट्रीय एककांइतके संप्रेरक ओळखते. घरी सकाळचे दाट मूत्र तपासले जाते. रुग्णालयात मात्र शिरेवाटे सलाईन चाललेल्या स्त्रीचे मूत्र पातळ झालेले असते. बीजवाहिनीत रुजलेल्या गर्भाचे संप्रेरक मुळातच पुष्कळदा कमी. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर पट्टी ‘नाही’ म्हणते आणि तिकडे बीजवाहिनी फुटून पोटात रक्तस्राव चालू असतो.

याहून चमत्कारिक प्रकार संप्रेरकाच्या अतिरेकाने घडतो. पट्टीतील एक प्रतिपिंड रंगकण वाहतो, दुसरा रेषेवर जखडलेला असतो. संप्रेरक दोघांना जोडते तेव्हा रेषा उमटते. संप्रेरकाचे कण फार झाले की दोन्ही प्रतिपिंड निरनिराळ्या कणांनी व्यापले जातात, जोड होत नाही व रेषाही दिसत नाही. द्राक्षगर्भासारख्या विकारात असे होऊ शकते. तेच मूत्र पाणी घालून तपासले, तर रेषा दिसू लागते !

उलट गर्भपातानंतर वा प्रसूतीनंतर काही आठवडे संप्रेरक रेंगाळल्याने पट्टी ‘होय’ म्हणू शकते. म्हणून शंका असल्यास वैद्य रक्तातील संप्रेरकाचे प्रमाण मोजवितात, ४८ तासांनी पुन्हा मोजून ते किती वाढले वा घटले ते पाहतात व श्राव्यातीत ध्वनिलहरींनी गर्भाची जागा शोधतात. रुग्णा वेदनांनी मूर्च्छित होत असेल, तर मात्र ४८ तास थांबता येत नाही.