हाताला मुंग्या येणे : दोष मानेचा की कीटकनाशकाचा?

झाशी येथे १९६२ पासून चारा पिकांवर राष्ट्रीय पातळीवरील संशोधन चालते. चाऱ्याचे वाण आणि उत्पादन यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. तो चारा गोठ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या मानेचा विचार मात्र क्वचितच होतो. बुंदेलखंडात काय किंवा महाराष्ट्रात काय, हिरव्या चाऱ्याचा भारा अनेकदा स्त्रियांच्या डोक्यावरूनच जातो. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की पाण्याचेच १६ किलो ओझे खांद्यांवर येते.

मानेत ७ मणके असून बहुतेक मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि त्यातून नसांच्या ८ जोड्या बाहेर पडतात. वयानुसार चकती झिजते व मणक्यांच्या कडांना हाडाची वाढ होते. त्यामुळे नसेची वाट अरुंद होऊन ती दबते. डोक्यावरील भाऱ्याचे वजन थेट या मणक्यांवर येते. पंपाचा अरुंद पट्टा खांद्यात रुतल्यास मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तेथेही दबू शकतात.

लक्षणांतील फरक

मानेतील नस दबल्यास वेदना बहुधा एकाच बाजूला, मानेतून खांद्याकडे व हाताकडे उतरते. सहाव्या नसेच्या दाबाने अंगठ्याकडील, सातवीच्या दाबाने मधल्या बोटाकडील आणि आठवीच्या दाबाने करंगळीकडील भागात मुंग्या येतात. मान मागे किंवा दुखऱ्या बाजूला वळवल्यास त्रास वाढतो.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत चित्र वेगळे असते : खूप घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वासाचा त्रास. अशा वेळी फवारणी थांबवून, दूषित कपडे काढून, अंग साबणाने धुऊन रुग्णाला कीटकनाशकाच्या वेष्टनासह तातडीने रुग्णालयात न्यावे. यांपैकी काही कीटकनाशकांमुळे गंभीर विषबाधेनंतर एक ते तीन आठवड्यांनी नसांना इजा होऊ शकते. ती सहसा दोन्ही पायांपासून सुरू होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांचे विषबाधेने मृत्यू झाले. त्यामुळे विषबाधेची शंका असल्यास ‘मान आखडली असेल’ असे म्हणून थांबू नये.

बोटांतील कौशल्य कमी होणे, बटण लावता न येणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णाची मान चोळून किंवा झटका देऊन ‘बसवणे’ धोक्याचे आहे. त्याला विनाविलंब तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवावे.

ओझे कमी करण्याचे उपाय

• भारा लहान बांधून दोन खेपा कराव्यात. शक्य तेथे हातगाडी वापरावी.
• पंप ओट्यावर ठेवून भरावा व तेथूनच पाठीवर घ्यावा. तो अर्धाच भरला तरी चालतो.
• पट्टे रुंद, मऊ व दोन्ही बाजूंना समान लांबीचे असावेत. फवारणीचे काम आळीपाळीने करावे.
• किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्यावरच फवारणी करावी. टळलेल्या प्रत्येक फवारणीमुळे खर्च, विषाचा संपर्क आणि मानेवरील ताण हे तिन्ही कमी होतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रशिक्षणात पंपाचे पट्टे तपासण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. ‘मुंग्या कोणत्या बोटांत, एका बाजूला की दोन्हीकडे आणि फवारणीनंतर किती वेळाने?’ हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे डॉक्टरांना कळवल्यास निदान सोपे होते.