काढता-घालता येणाऱ्या तारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

झिया चिश्ती यांनी मोठेपणी दातांना तारा लावून घेतल्या होत्या. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर मिळाला. तो घालायचा राहिला की दात किंचित सरकायचे, पुन्हा घातला की जागेवर यायचे. मग थोडे थोडे बदललेले साचे एकामागून एक घातले तर वाकडे दातही सरळ होतील, हे त्यांच्या ध्यानात आले. १९९७ मध्ये केल्सी विर्थ यांच्यासह त्यांनी कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि ‘इनव्हिजलाइन’ हे पारदर्शक अलाइनर आले. त्यांचा आता बराच बोलबाला आहे. गैरसमजही तितकेच आहेत.

गैरसमज: काढता येणारी तार हे नवे खूळ आहे.
वस्तुस्थिती: तारेचे आकडे असलेली गुलाबी अ‍ॅक्रिलिकची प्लेट आपल्याकडे अनेकांनी शाळेत असताना घातली आहे. दात टप्प्याटप्प्याने सरकवणाऱ्या साच्यांची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेतल्या हॅरल्ड केसलिंग यांनी ती १९४५ मध्येच मांडली होती. नंतर संगणकामुळे असे साचे मोठ्या संख्येने आणि अचूक बनवता येऊ लागले.

गैरसमज: जितका जोर जास्त, तितके दात लवकर सरळ.
वस्तुस्थिती: दात आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो. हलका, सलग दाब पडला की एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे भरते आणि दात सरकतो. दाब फार झाला तर पडद्यातला रक्तपुरवठा खुंटतो आणि काम उलट रेंगाळते. म्हणूनच एक अलाइनर दाताला साधारण पाव मिलिमीटरच सरकवतो आणि तो आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतात.

गैरसमज: तार काढता येते, म्हणजे सोयीनुसार घातली तरी चालते.
वस्तुस्थिती: अलाइनर दिवसाकाठी २० ते २२ तास तोंडात असावा लागतो. जेवण आणि ब्रश, एवढीच सुट्टी. दुपारी डब्यासाठी काढून रुमालात गुंडाळला आणि संध्याकाळपर्यंत विसरला, तर पुढचा साचा नीट बसत नाही. अलाइनर उकळत्या पाण्याने धुऊही नये, प्लास्टिकचा आकार बिघडतो.

गैरसमज: कसेही दात असोत, काढता येणाऱ्या तारेने सरळ होतात.
वस्तुस्थिती: साधी प्लेट दात मुख्यतः कलवते, मुळासकट सरकवणे तिला जमत नाही. अलाइनरची मजल पुढची आहे, पण त्यासाठी दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात. खूप गोल फिरलेला सुळा किंवा हाडात अडकलेला दात असेल, तर चिकटवलेल्या ताराच बहुधा जास्त भरवशाच्या.

खालचा जबडा मागे असलेल्या वाढत्या वयातल्या मुलांना ट्विन ब्लॉकसारखे काढता येणारे उपकरण उपयोगी पडते. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ मध्ये तयार केले. वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या जबड्यांत मोठी तफावत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो.

गैरसमज: घरीच दातांचा ठसा घेऊन पाठवला की पुरे.
वस्तुस्थिती: ठशात दातांचे फक्त दिसणारे भाग येतात. मुळांची लांबी आणि हाडाची उंची एक्स-रेत कळते, हिरड्यांची अवस्था तपासणीत. सुजलेल्या हिरड्यांवर दात सरकवले तर ते सैल होण्याची भीती असते. घरपोच अलाइनर देणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्ध्यावर असलेले ग्राहक अडकले. बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस करून याच विषयात तयार झालेल्या ऑर्थोडॉन्टिस्टने स्वतः तपासणे म्हणूनच गरजेचे आहे.

गैरसमज: दात सरळ झाले, विषय संपला.
वस्तुस्थिती: सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपचार झालेल्यांचे दात पुढची अनेक वर्षे तपासले. रिटेनर सुटल्यानंतर बहुतेकांच्या खालच्या पुढच्या दातांत पुन्हा दाटी झाली होती. खरे तर उपचार न घेतलेल्यांचे दातही वयाबरोबर सरकतात. त्यामुळे डॉक्टर आधी दिवसभर आणि मग रोज रात्री रिटेनर घालायला सांगतात, तेही वर्षानुवर्षे. काही दिवसांच्या खंडानंतर तो घट्ट वाटू लागला, तर दात हलू लागले आहेत असे समजावे. तो बसेनासा झाला, तर जबरदस्तीने दाबू नये, डॉक्टरांना दाखवावा.