रस्त्याकाठचे बाकडे आणि परवानगी

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील गाव. धुळे-सोलापूर महामार्ग येथून जातो आणि जालना-अंबडकडून येणारा रस्ता त्याला येथेच मिळतो. दोन वाटा मिळतात तेथे वाटसरू थांबतो, आणि वाटसरू थांबला की चहाचे आधण चढते. दुकान अपुरे पडते म्हणून एक बाकडे बाहेर येते, मागोमाग दुसरे, वर ताडपत्री. ‘पंचायत काही म्हणत नाही’ एवढ्यावर सारे चालते. पण तोंडी होकार पाहुण्यासारखा. केव्हा उठून जाईल याचा नेम नाही. अतिक्रमण हटविणारी गाडी दारी आली म्हणजे कागद लागतो.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की रस्ता कोणाचा? गावरस्ता पंचायतीकडे असेल, तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे त्यावर ओटा वा ठेला मांडून अडथळा करता येत नाही. जमीन राष्ट्रीय महामार्गाची असेल, तर पंचायतीचा होकार पुरत नाही. २००२ च्या कायद्याने तेथे महामार्ग प्रशासनाचीच परवानगी लागते. जिल्हा परिषदेचा वा बांधकाम खात्याचा रस्ता असल्यास दार आणखी वेगळे. २०१४ च्या फेरीवाला कायद्यातील विक्रेता समित्या शहरांसाठी आहेत. खेड्याला त्यांचा आधार नाही.

अर्जात जागेचा साधा नकाशा, बाकड्यांची संख्या, लांबीरुंदी, वेळ, आणि पायी चालणारास किती वाट उरते, हे स्पष्ट लिहावे. खरकटे व सांडपाणी कोठे जाईल, तेही सांगावे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीची प्रत जोडावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

कोणी म्हणेल, गरिबाच्या चार बाकड्यांना एवढा खटाटोप कशाला? १९८९ साली सोदानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. रस्त्याकडेला धंदा करणे हा नागरिकाच्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे. मात्र अमुकच जागा कायमची आपली, असा हक्क कोणास नाही. म्हणजे पोट खरे, तशीच वाटही खरी. बाकड्याला वळसा घालून शाळेचे पोर भरधाव ट्रकसमोर उतरले, तर त्या चहाची किंमत कोण देणार? परवानगीचा कागद म्हणजे चहावाला आणि ते पोर यांच्यामधला करार होय. तो लेखी असावा, यातच दोघांचे कल्याण आहे.