एकशे सत्तर, एक वार

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी शिरलं की आधी पायांना फरशीवरचं पाणी लागतं, मग कानांवर पुकारा येतो. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, इंदापूरच्या शेतांवर पाणी पसरलं. त्याच पाण्यातली चिलापी, रोहू, कटला, एखादी वाम आडतीपुढे ढिगाढिगानं पडलेली असते.

कटल्याचा भाव एकशे चाळीसला फुटला. खरेदीदार तोंडानं फार बोलत नव्हते. एकानं हनुवटी उचलली, पाच रुपये वाढले. दुसऱ्याचं माशांकडे लक्षच नव्हतं. गलफडं उचलून त्यानं माल आधीच पारखला होता. आता तो शेजाऱ्याचा चेहरा वाचत होता.

माझ्या बाजूला कुंभारगावचा तरुण मच्छीमार मोबाइल उंच धरून उभा. व्हिडिओ कॉलवर आई. "अरं, मासं नगं दावू, माणसं दाव," ती म्हणाली. मासे तिनं पहाटेच पाहिले होते.

"एकशे सत्तर, एक वार... दोन वार..." मागून आवाज आला, "बहात्तर!" गर्दी हसली, सगळ्या माना वळल्या. चारचौघांत माघार घेणं जिवावर येतं, आणि त्या ईर्ष्येचे दोन रुपये मच्छीमाराच्या पट्टीत पडतात. म्हणून ही गंमत मला मोलाची वाटते. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत होती, तेव्हा शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाचं काय चाललंय ते कळत नसे.

बारामतीच्या बाजार समितीत रेशीम कोषांचा लिलाव ई-नाम या ऑनलाइन बाजारमंचावर होतो. तिथं पुकारा नाही. व्यापारी आकडा भरतो, वेळ संपते, भाव जाहीर होतो. पटला नाही तर शेतकरी नाकारू शकतो. नजरेच्या खुणेनं 'तू थांब' म्हणणं तिथं अवघड, हा फायदा मोठा आहे. पण तिथल्या शेतकऱ्यालाही चढत जाणारी प्रत्येक बोली मोठ्या पडद्यावर दिसायला हवी. नुसत्या शेवटच्या आकड्यावरून त्याला चुरस कळत नाही.

भिगवणला तीन वार झालं, ढीग उचलला गेला. पोरगा फोन खिशात घालणार, तेवढ्यात आईनं विचारलं, "सत्तरवर कोण थांबला रं?"

त्यानं कॅमेरा वळवून माणूस दाखवला.

"उद्या त्यो आल्याबिगर ढीग पुकारू देऊ नगंस."