कचऱ्याचे मोल, मातीची ठेव

दर दोन वर्षांनी भरणाऱ्या विमान प्रदर्शनामुळे येलहंका हे नाव आज देशभर परिचित आहे. परंतु या गावाची ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. येलहंक्याचे नाडप्रभू केंपेगौडा यांनीच १५३७ साली बेंगळुरू नगर वसविले. ज्या गावाने शहर वसविले, त्याच गावाच्या परिसराकडे पुढे त्या शहराने आपला कचरा धाडला, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

येलहंक्यापासून काही किलोमीटरांवर मावळ्ळीपुरा हे खेडे आहे. बेंगळुरूचा कचरा कित्येक वर्षे येथे टाकला जात असे. ओला-सुका एकत्र मिसळलेला कचरा हवेअभावी सडतो. त्यातून मिथेन वायू निघतो आणि काळे, दूषित पाणी झिरपून विहिरी व तलावांपर्यंत पोहोचते. ग्रामस्थांच्या विरोधानंतर २०१२ साली येथील कचराभूमी बंद झाली आणि शहरातील रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. तेव्हा कोठे नागरिकांना आपल्या केराच्या टोपलीचा पुढचा प्रवास उमगला.

वास्तविक, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतून केव्हाच नोंदविले गेले होते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संस्थेत पालापाचोळा, शेण व माती यांचे थर रचून आणि ते वेळोवेळी परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत विकसित केली. १९३१ साली ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासह सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे १९३९ साली खुद्द बेंगळुरूमध्ये सी. एन. आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी निराळी पद्धत शोधली. खड्ड्यात केरकचरा व मैला यांचे थर देऊन ते मातीने झाकायचे आणि काही महिने तसेच ठेवायचे, अशी ही रीत. जगभरच्या कृषिग्रंथांत ती ‘बेंगळुरू पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

मग ही विद्या तिच्या जन्मगावीच मागे का पडली? त्या काळच्या केरात प्लॅस्टिक नव्हते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण. म्हणून जुने ग्रंथ आज वाचताना त्यांत एका वाक्याची भर घालावी लागते: आधी वर्गीकरण, मग खत. कर्नाटक उच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१५ मध्ये बेंगळुरूमध्ये घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक केले.

घरातील कचऱ्यापैकी निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. सज्जातील एखाद्या सच्छिद्र कुंडीतही त्याचे खत होऊ शकते. भाज्यांच्या सालींचा एक थर, त्यावर सुक्या पानांचा दुसरा, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा आणि अधूनमधून ढवळणे, एवढेच पुरे. दुर्गंधी आली, तर ओलावा वाढला असे समजून सुकी पाने वाढवावीत. दोन-तीन महिन्यांत हाती येते ती काळीभोर, पावसानंतरच्या रानासारखा गंध असलेली माती.

बँकेच्या ग्राहकास ठेवीचे महत्त्व सांगावयास नको. प्रत्येक पीक मातीच्या खात्यातून काही काढून घेते. ते परत भरले नाही, तर मुद्दलच आटते. आपल्या स्वयंपाकघरातील सालींचा भरणा त्या खात्यात व्हावा की एखाद्या मावळ्ळीपुऱ्याच्या विहिरीत, याचा निर्णय रोज सकाळी टोपली रिकामी करताना आपणच घेत असतो.