मद्यासक्तीचे उपचार: पहिला आठवडा आणि पुढची वर्षे

मद्यासक्तीवरील उपचार म्हटले की वसई-विरारमधील कुटुंबांना बहुधा निवासी व्यसनमुक्ती केंद्रच आठवते. परंतु वैद्यकीय दृष्टीने हा उपचार दोन निराळ्या कामांचा असून, शरीराला मद्यापासून सुरक्षितपणे बाहेर काढण्याचे काम साधारण आठवड्याभरात आटोपते, तर पुन्हा न पिण्याचे काम वर्षानुवर्षे चालते.

अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर मद्याच्या गुंगीशी जुळवून घेतलेली मज्जासंस्था अतिउत्तेजित होते आणि ‘विथड्रॉवल’ म्हणजे वर्जनलक्षणे सुरू होतात. पहिल्या दिवसात हात थरथरणे, घाम, ओकाऱ्या व निद्रानाश, पहिल्या दोन दिवसांत क्वचित आकडी, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास, भ्रम व ज्वर असलेली ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था येते, जी उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच शपथ घालून माणसाला खोलीत कोंडण्याचा घरगुती उपाय, हेतू कितीही चांगला असला तरी, जिवावरचा ठरू शकतो. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा, यकृत बिघडले असल्यास, लोराझेपाम देऊन मात्रा हळूहळू उतरवली जाते. सोबत थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व दिले जाते, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनविना नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवल्यास हा धोका वाढतो, हे ठाऊक नसलेले दवाखाने आजही आढळतात.

केंद्र शासनासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून असून, त्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो.

ही दरी भरून काढण्यासाठी जे पुढे येते ते नेहमीच विश्वासार्ह नसते, आणि ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा लोकलच्या डब्यांतील चिठ्ठ्या त्याचे ठळक उदाहरण होत. अशा प्रकारे गुपचूप दिल्या जाणाऱ्या डायसल्फिराम या औषधाचा मद्याशी संबंध येताच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. कोपनहेगनमधील संशोधकांनी १९४८ मध्ये मांडलेले हे औषध रुग्णाच्या संमतीने व देखरेखीखालीच वापरायचे असते, भाजीत लपवून नव्हे. नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट ही औषधे त्याउलट पिण्याची ओढ अथवा पुन्हा पिण्याकडे वळण्याची शक्यता कमी करतात, मात्र सामान्यजनांत त्यांची नावेही फारशी पोहोचलेली नाहीत.

औषधांपलीकडचे काम वसईला परके नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’चे केंद्र वसईतही असून, तेथील पद्धतीत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि बी. के. एस. अय्यंगार यांचा योग यांची सांगड घातलेली आहे; परेरा स्वतः अय्यंगारांचे शिष्य. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली स्वमदतीची चळवळ. तिच्या मीटिंगला शुल्क नसते, ओळख सांगावी लागत नाही, आणि सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले, आणि ते योग्यच होते. कारण केंद्रातून परतलेला माणूस अखेर त्याच घरात आणि त्याच मित्रमंडळींत येतो, आणि त्यामुळे पुढची काही वर्षे मीटिंग किंवा समुपदेशक घराजवळ असणे हे दूरच्या महागड्या केंद्रापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

दाखल करण्याच्या प्रश्नावर कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थितींनाही मानसिक आजारात धरतो, विमा कंपन्यांना त्यांच्यासाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देण्यास सांगतो, आणि इच्छेविरुद्ध दाखल करण्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज व दोन व्यावसायिकांची स्वतंत्र तपासणी आवश्यक मानून असे पहिल्यांदा दाखल ठेवण्याची कमाल मुदत तीस दिवस ठरवतो. चौघे धष्टपुष्ट इसम गाडी घेऊन येतात आणि नातेवाइकांच्या फोनवरून माणसाला उचलून नेतात, ही रीत या तरतुदीत कोठेच बसत नाही. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांक निःशुल्क आहे.