न्यायालयीन वॉरंट : शोध आणि निरसन

न्यायालयाच्या दारात शिपाई नाव पुकारतो आणि उत्तर येत नाही. एवढ्याशा प्रसंगातून अटक वॉरंटाचा जन्म होऊ शकतो. असे वॉरंट नव्या गुन्ह्यासाठी नव्हे, तर नेमलेल्या तारखेला हजर न राहिल्याबद्दल काढलेले असते. अमेरिकेत त्याला ‘बेंच वॉरंट’ म्हणतात. तेथे ते बहुधा काउंटीच्या न्यायालयातून निघते आणि शेरीफच्या कार्यालयामार्फत बजावले जाते. भारतीय कायद्यात त्याला असे वेगळे नाव नाही. परंतु तालुका व जिल्हा पातळीवरील न्यायदंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या दैनंदिन कामकाजात या जातीची वॉरंटे नित्याची आहेत.

वॉरंट ही शिक्षा नव्हे. खटला आरोपीच्या उपस्थितीत चालावा, यासाठी योजलेले ते साधन आहे. मात्र या साधनाचा थेट परिणाम राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने संरक्षिलेल्या व्यक्तिस्वातंत्र्यावर होतो. आपल्या नावे वॉरंट निघाले आहे, हे संबंधित व्यक्तीला पुष्कळदा सर्वांत शेवटी कळते, आणि या विषयातील खरी अडचण तीच आहे.

समन्सपासून वॉरंटापर्यंत

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली. नव्या संहितेच्या सहाव्या प्रकरणात, कलम ६३ ते ९३ मध्ये, व्यक्तीला हजर राहण्यास भाग पाडणाऱ्या आदेशिकांची तरतूद आहे. पहिली पायरी समन्सची. समन्स बजावूनही व्यक्ती वाजवी कारणाविना गैरहजर राहिली, अथवा ती फरार झाली आहे किंवा समन्स पाळणार नाही असे मानण्यास न्यायालयाला कारण दिसले, तर कलम ९० अन्वये वॉरंट काढता येते. त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. बंधपत्र लिहून देऊनही हजर न राहणाऱ्याविरुद्ध कलम ९२ लागू होते. ही तरतूद केवळ आरोपीपुरती नाही; साक्ष देण्यास न येणाऱ्या साक्षीदाराच्या नावेही वॉरंट निघते.

कलम ७२ अन्वये वॉरंट लेखी असावे लागते, त्यावर पीठासीन अधिकाऱ्याची स्वाक्षरी व न्यायालयाची मुद्रा आवश्यक असते. याच कलमाचे दुसरे पोटकलम अधिक महत्त्वाचे आहे. वॉरंटाची बजावणी होईपर्यंत किंवा ज्या न्यायालयाने ते काढले ते न्यायालय ते रद्द करीपर्यंत वॉरंट अंमलात राहते. त्याला मुदतबाह्य होणे ठाऊक नाही. दहा वर्षांपूर्वीच्या किरकोळ खटल्यातील वॉरंटही आज बजावले जाऊ शकते, आणि कलम ७९ नुसार भारतात कोठेही. मध्य प्रदेशासारख्या राज्यांत दीर्घकाळ प्रलंबित राहिलेल्या अशा वॉरंटांना ‘स्थायी वॉरंट’ असेच म्हणतात.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र या शब्दांबाबत विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. गुन्ह्याचे जामीनपात्र असणे आणि वॉरंटाचे जामीनपात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वॉरंट काढताना न्यायालय कलम ७३ अन्वये त्यावर पृष्ठांकन करू शकते : अमुक रकमेचे बंधपत्र व इतके जामीनदार दिल्यास पोलिसांनी व्यक्तीला सोडून द्यावे. असे पृष्ठांकन असलेले वॉरंट जामीनपात्र, नसलेले अजामीनपात्र. धनादेश न वटल्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, तरी त्या खटल्यात वारंवार गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. शिवाय बंधपत्राच्या अटी मोडणाऱ्याला पुढे त्याच खटल्यात जामीनपात्र गुन्ह्यातही जामीन नाकारण्याचा अधिकार कलम ४७८ ने न्यायालयाला दिला आहे.

बंद दारावरचे समन्स

गैरहजर राहणारा प्रत्येक जण न्यायालयाला चुकवीत असतो, हे गृहीतक वस्तुस्थितीला धरून नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. बिहार किंवा झारखंडमधील बांधकाम मजुराचा पत्ता तर ठेकेदार बदलला की बदलतो. दरम्यान गावी समन्स येते. व्यक्ती न सापडल्यास ते कुटुंबातील प्रौढ सदस्याकडे देता येते. जुन्या संहितेत हा सदस्य पुरुषच असावा अशी अट होती, ती नव्या संहितेच्या कलम ६६ ने काढून टाकली. घरी कोणीच नसेल तर कलम ६७ अन्वये समन्सची प्रत घराच्या ठळक भागी चिकटवली जाते. त्यानंतर योग्य ती चौकशी करून न्यायालय समन्स बजावले गेल्याचे जाहीर करू शकते किंवा ते नव्याने बजावण्याचा आदेश देऊ शकते. कामाच्या रेट्यात ही चौकशी अनेकदा औपचारिक ठरते, आणि कुलूपबंद दारावरील कागद पुढच्या तारखेला वॉरंटाचा आधार बनतो.

समन्सची बजावणी सुधारण्यासाठी नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक मार्ग मोकळा केला असून, पत्ता, ई-मेल व दूरध्वनी क्रमांकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद कलम ६४ मध्ये आहे. मात्र भ्रमणध्वनी क्रमांक वरचेवर बदलणाऱ्या वर्गाला तिचा लाभ कितपत होईल, हा प्रश्न उरतोच.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहेत. इंदरमोहन गोस्वामी विरुद्ध उत्तरांचल राज्य (२००७) या निकालात न्यायालयाने चढता क्रम सांगितला : प्रथम समन्स, आरोपी ते टाळत असल्याचे दिसल्यास जामीनपात्र वॉरंट, आणि तो हेतुपुरस्सर गैरहजर राहत असल्याची खात्री पटल्यावरच अजामीनपात्र वॉरंट. शरीफ अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२०२४) या निकालात अजामीनपात्र वॉरंट सरसकट काढता कामा नये, हे तत्त्व पुन्हा अधोरेखित झाले.

प्रशासनाच्या अभ्यासकाला मात्र २०११ मधील रघुवंश भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण अधिक शिकवून जाते. मुंबईतील या प्रकरणात ऑगस्ट २००२ मध्ये निघालेले वॉरंट न्यायालयाने रद्द केले होते. तरीही स्वातंत्र्यदिनी पोलिसांनी त्याच वॉरंटावर अटक केली. वॉरंट रद्द झाल्याचे संबंधिताने सांगितले, पण कागद हाती नव्हता. उच्च न्यायालयाने पोलीस निरीक्षकाला स्वतःच्या खिशातून २,००० रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर न्यायालयाने तपशीलवार मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रत्येक वॉरंट क्रमांकित छापील नमुन्यावर असावे. न्यायालयात त्याची कालक्रमाने नोंदवही असावी व तशीच नोंदवही पोलीस ठाण्यातही ठेवावी. नोंद केल्याविना वॉरंट बाहेर जाऊ नये. वॉरंट रद्द झाल्यास त्या आदेशाची प्रत संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवून वॉरंट बजावणीविना परत मागवावे आणि आदेशाची एक प्रत आरोपीलाही द्यावी. स्वातंत्र्याचे रक्षण येथे एका नोंदवहीच्या शिस्तीवर अवलंबून असल्याचे दिसते.

शोध कसा घ्यावा

शोध खटल्याच्या मार्गानेच घ्यावा लागतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पामुळे हे काम पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. ई-न्यायालय सेवेच्या संकेतस्थळावर व भ्रमणध्वनी अ‍ॅपवर राज्य, जिल्हा व न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचे नाव, खटल्याचा क्रमांक, प्रथम खबरी अहवालाचा क्रमांक किंवा वकिलाचे नाव यांपैकी कशानेही शोध घेता येतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ठाऊक असल्यास थेट माहिती मिळते. खटल्याचा टप्पा, मागील व पुढील तारीख यांवरून वॉरंटाचा अंदाज बांधता येतो. नावाने शोधताना मात्र सावध राहावे. एकाच नावाचे अनेक पक्षकार असतात, रोमन लिपीतील वर्णलेखन बदलते आणि जुन्या खटल्यांची नोंद अपुरी असू शकते. पडद्यावर काही दिसले नाही म्हणजे वॉरंट नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

खात्रीचा पुरावा म्हणजे खटल्याचा रोजनामा. वकिलामार्फत अर्ज करून खटल्याच्या कागदपत्रांची पाहणी करता येते व प्रमाणित नक्कल मिळवता येते. वकील करण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. राज्यघटनेच्या ३९-क अनुच्छेदाचे उद्दिष्ट साकारण्यासाठी झालेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती या उत्पन्नाच्या अटीविना मोफत विधी सेवेस पात्र आहेत. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० हा आहे.

अलीकडे दूरध्वनीवर बनावट वॉरंटाची भीती घालून पैसे उकळण्याचे प्रकार वाढले आहेत. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. वॉरंट फोनवरून पैसे भरून रद्द होत नाही. वॉरंटावरील न्यायालयाचे नाव व खटला क्रमांक पडताळून पाहणे आणि फसवणुकीची शंका येताच १९३० या क्रमांकावर कळविणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

निरसनाचा मार्ग

वॉरंट रद्द करण्याचा सरळ मार्ग ते काढणाऱ्या न्यायालयापुढे अर्ज करण्याचा आहे. सामान्यतः आरोपीने वकिलासह स्वतः हजर होऊन गैरहजेरीचे कारण सांगावे व त्याचा पुरावा द्यावा : रुग्णालयाचे कागद, स्थलांतराचा दाखला, चुकीच्या पत्त्यावर गेलेले समन्स. कारण पटल्यास न्यायालय वॉरंट रद्द करते. प्रसंगी खर्चाची रक्कम भरण्यास सांगते आणि कलम ९१ अन्वये जामीनदारासह वा जामीनदाराविना नवे बंधपत्र घेते. कारण न पटल्यास कोठडीही मिळू शकते, आणि ही शक्यता लपविण्यात अर्थ नाही. तरीही स्वतःहून आलेला आणि पकडून आणलेला यांत न्यायालये फरक करतात.

हजर राहण्याची भीती हाच अनेकांचा मोठा अडसर असतो. सत्येंदर कुमार अंतिल प्रकरणातील ११ जुलै २०२२ च्या निर्णयाने या बाबतीत मोलाची सवलत दिली. ठरावीक अपवाद वगळता, सात वर्षे वा त्याहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वॉरंटाची बजावणी होण्यापूर्वी आरोपीच्या वतीने अर्ज झाला आणि पुढील तारखेस जातीने हजर राहण्याची हमी दिली गेली, तर त्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह न धरता अजामीनपात्र वॉरंट रद्द करता येते किंवा त्याचे रूपांतर जामीनपात्र वॉरंटात वा समन्समध्ये करता येते. ही तरतूद तालुक्याच्या ठिकाणी आणखी रुळण्याची गरज आहे.

अटक झालीच, तर वॉरंटाचा आशय सांगणे आणि मागणी केल्यास वॉरंट दाखविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे हजर करावे लागते. अटक दुसऱ्या जिल्ह्यात झाली आणि वॉरंट काढणारे न्यायालय तीस किलोमीटरच्या आत अथवा अधिक जवळ नसेल, तर कलम ८२ नुसार प्रथम स्थानिक अधिकाऱ्यापुढे नेले जाते.

दुर्लक्ष केल्यास प्रकरण चढत जाते. व्यक्ती फरार झाली किंवा वॉरंट टाळण्यासाठी लपून बसली आहे असे दिसल्यास कलम ८४ अन्वये किमान तीस दिवसांची मुदत देणारी उद्घोषणा निघते. ती न पाळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ८५ अन्वये मालमत्तेची जप्ती होऊ शकते. जामिनावर सुटूनही पुरेशा कारणाविना गैरहजर राहणाऱ्याला कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो, आणि बंधपत्र जप्त होऊन जामीनदारावरही वसुलीची वेळ येते. गावाकडे जामीनदार हा बहुधा भाऊ किंवा शेजारी असतो. दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत आरोपी उद्घोषित गुन्हेगार ठरला, तर दोष-आरोप निश्चितीनंतर नव्वद दिवसांनी त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देण्याची तरतूद कलम ३५६ ने नव्याने केली आहे. अटकपूर्व जामिनाचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून वॉरंट वा उद्घोषणेची कार्यवाही आपोआप थांबत नाही, हे श्रीकांत उपाध्याय विरुद्ध बिहार राज्य (२०२४) या निकालाने स्पष्ट केले आहे.

वॉरंट रद्द झाल्यावरही मूळ खटला कायम राहतो. पुढील तारखांना येणे अशक्य असेल तेव्हा कलम ३५५ अन्वये हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी वकिलामार्फत द्यावा लागतो. रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. न्यायालयातील नोंद आणि ठाण्यातील नोंद यांत काही दिवसांचे अंतर पडू शकते, आणि त्या दिवसांत व्यक्तीच्या हाती तेवढाच कागद असतो.